टेकडी, वही आणि कॅमेरा

१९९०च्या सुमारास पुण्यात पक्षी बघायला निघालेल्या पाच-सहाजणांत दुर्बीण बहुधा एकच असे. ती हातोहात फिरायची आणि आपली पाळी येईपर्यंत पक्षी उडालेला असायचा. त्यामुळे उडण्याची ढब, शेपटी हलवण्याची लकब, आवाज यांवरून ओळखायची सवय लागत गेली. पिशवीत सलीम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ असे. १९४१ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर हौशी निरीक्षकांच्या पिढ्या वाढल्या. आणि खिशात वही. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती दिसले, काय करत होते, इतके तिच्यात उतरवल्याशिवाय फेरी संपत नसे.

आमची फेरी म्हणजे वेताळ टेकडी. शहराच्या मधोमध असलेल्या या टेकडीवर मोर होते, खाणीच्या कडेला चीरक शेपटी उभारून बसायचे, झुडपांत सातभाईंचा कलकलाट आणि नाचणाचा पिसारा. उघड्या गवतावरून चंडोल गात वर चढायचे. पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेकडून आलेला चातक ऐकू आला, की वहीत त्या दिवशीची तारीख अधोरेखित व्हायची. या नोंदी पुढे कुणाच्या उपयोगी पडतील, असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते.

टेकडी मात्र बदलत होती. ती हिरवी दिसावी म्हणून गिरिपुष्पाची दाट लागवड झाली. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड भराभर वाढते, त्याच्या सावलीत गवत मागे हटते आणि गवताबरोबर जमिनीवर घरटे करणारे पक्षीही. लांबून पाहणाऱ्याला टेकडी सुधारली असेच वाटेल. चंडोलाची जागा गेली, हे कळायला वर्षानुवर्षे त्याच वाटेने चालणारा माणूस लागतो. माळ म्हणजे पडीक जमीन, हा आपल्याकडचा समज पक्ष्यांना फार महागात पडला आहे, असे माझे ठाम मत आहे.

कॅमेरा आला तो सावकाश. रोलमध्ये छत्तीस फोटो, रोल धुण्याचा खर्च वेगळा, आणि आठवडाभराने हाती येई तो फांदीवरचा एक काळा ठिपका. २००३मध्ये कॅननचा ३००डी बाजारात आला आणि डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. २०१५च्या निकॉन पी९०० कॅमेऱ्याने तर त्र्याऐंशी पट झूम देऊन मोठ्या लेन्सची गरजच अनेकांपुरती संपवली. एरवी कधी टेकडीवर न फिरकणारी माणसे पहाटे येऊ लागली. याचे मला मनापासून कौतुक आहे. वटवट्यांसारख्या एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांची ओळख पूर्वी वादात संपायची, ती आता फोटोतल्या पंखावरच्या पट्ट्याने, पायाच्या रंगाने पक्की होते. गृहिणी, रिक्षाचालक, शाळकरी मुले असे कितीतरी लोक कॅमेऱ्याच्या वाटेने पक्ष्यांकडे आले.

याच कॅमेऱ्याने एक हावही आणली. मे-जूनमध्ये नवरंग आला, की मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला उघड्यावर आणतात. हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो बिचारा खाणेपिणे सोडून धावत राहतो. घरट्याचा फोटो स्वच्छ यावा म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या कापतात. मग पिल्ले उन्हात भाजतात, शिक्र्याच्या आणि कावळ्याच्या नजरेत येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणे शिकारीच्या व्याख्येत घातले आहे, ते उगाच नाही. विणीच्या दिवसांत घरट्याचा फोटो काढूच नये. त्यात तडजोडीला जागा नाही.

फोटो वाढले तशा वह्या कमी झाल्या. दुर्मीळ पाहुणा आला की त्याच्याभोवती वीस लेन्स, आणि समोरच्या तारेवरच्या होल्याची कुणी दखलही घेईना. त्या वर्षांच्या माझ्या संग्रहात सुंदर चित्रे आहेत, पण सामान्य पक्ष्यांचे आकडे विरळ आहेत.

वही परत आली ती मोबाइलमधून. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना भारतात २०१३पासून होते आहे. ‘ईबर्ड’वर लोक आपापल्या याद्या भरू लागले आणि हौसेच्या नोंदींना वजन आले. २०२३चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे असे म्हटले आहे. मोर आणि कोकीळ वाढले आहेत. माळरानावर तारेवर बसलेला नीलपंख, जो आपण ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून देत आलो, तो घटतो आहे. चिमणीबद्दल २०२०च्या अहवालाने वेगळेच दाखवले: देशभरात तिची संख्या साधारण स्थिर आहे, मोठ्या महानगरांत मात्र ती कमी झाली आहे. घराजवळच्या साध्या पक्ष्यांच्या नोंदी नसत्या, तर यातले काहीच ठरवता आले नसते.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. त्या आठवड्यात सुरुवात करा. फेब्रुवारीत गणनेचे चार दिवस येतील, तेव्हा गॅलरीत किंवा गच्चीवर फक्त पंधरा मिनिटे थांबा. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहा, कावळे आणि पारवेसुद्धा मोजून. फोटो आला तर उत्तम, नाही आला तरी यादी भरा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा उभे राहा.