भाताच्या खाचरातला फुटबॉल आणि गावाचे मैदान

भातकापणी आटोपली, पेंढा घरी आला की उरण तालुक्यातल्या गावागावांत पोरांचा खेळ सुरू होतो. कुठे टेनिस बॉलचे क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे फुटबॉल. रिकामे खाचर दिसले की दोन बांबू रोवायचे, झाले मैदान! मागच्या हंगामात एका गावी गेलो असता एक वयस्कर काका बांधावर हात कमरेवर ठेवून उभे होते. म्हणाले, "साहेब, या पोरांना कायतरी सांगा. वाल नुकता उगवलाय नि पार तुडवून टाकला." पोरे म्हणाली, "मग आम्ही खेळायचं कुठे, ते सांगा!" दोघांचेही खरे होते. मला तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही.

उत्तर शोधताना गोव्याची आठवण झाली. आपल्यासारखाच किनारा, तशीच खाडी, भाताची खाजणे आणि बांध. तिथेही गावचा फुटबॉल वाढला तो कापणी झालेल्या शेतातच.

शिवोलीपासून वार्क्यापर्यंत

बार्देश तालुक्यात शिवोली हे किनाऱ्यालगतचे गाव आहे. 1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री तेथे आले आणि त्यांनी मुलांना फुटबॉल शिकवला. गोव्यातल्या फुटबॉलची सुरुवात तेथून मानली जाते. हळूहळू हा खेळ गावोगाव पसरला. चर्चजवळचे मोकळे आवार नाहीतर पीक निघालेले शेत, एवढ्या भांडवलावर गावाचे संघ तयार झाले. वाडा विरुद्ध वाडा, गाव विरुद्ध गाव अशा चुरशीच्या स्पर्धा होऊ लागल्या.

पुढे खाण उद्योगातल्या मंडळींनी मोठे क्लब काढले. साळगावकर क्लब 1956 चा. गोवा फुटबॉल असोसिएशन 1959 साली स्थापन झाली. 1983 मध्ये गोव्याने संतोष करंडक बंगालबरोबर विभागून जिंकला आणि 1984 मध्ये एकट्याने. त्या संघाचे गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर हे ताळगावचे. पुढे ते भारताचे कर्णधार झाले आणि 1997 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

सासष्टीतल्या वार्का या किनाऱ्यावरच्या गावाचे उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या गावच्या क्लबातूनच 1988 मध्ये चर्चिल ब्रदर्स हा संघ उभा राहिला. याच संघाने 2008-09 आणि 2012-13 मध्ये देशाची आय-लीग जिंकली. गावच्या क्लबाला मुळात काय लागते? चार हौशी माणसे, एक चेंडू आणि हक्काची जागा. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडेही आहेत. अडते ते तिसऱ्या गोष्टीपाशी.

पैशाचे पाठबळ कायम राहतेच असेही नाही. देशाची लीग पाच वेळा जिंकणाऱ्या डेंपो क्लबाने 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्यासह त्या लीगमधून अंग काढून घेतले. डेंपो परत आला तो 2024 मध्ये. मोठे क्लब येतात-जातात, पण गावाला जागा असली की खेळ थांबत नाही.

आपल्याकडे जागा कुठे गेली?

उरणकरांना हे सांगायला नको. 1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी लागली. 1984 च्या जानेवारीत पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट निघाली. 1989 मध्ये बंदर सुरू झाले. 2024 च्या जानेवारीत रेल्वे उरणपर्यंत आली आणि अटल सेतूही खुला झाला. जिथे खाचरे होती तिथे भराव पडला, कंटेनर उभे राहिले. उरलेल्या चार खाचरांवरच आता वालही आहे आणि खेळही. भांडण होणारच.

शेत वाचवून खेळ कसा होईल?

शेतकरी बंधूंनी आणि मंडळांच्या पोरांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. भातानंतर अंगच्या ओलीवर वाल होतो ते खाचर खेळासाठी अजिबात घेऊ नये. वालच नसेल तर पोपटी कशाची लावणार? दुसरे, जमीन ओली असताना तीवर खेळू नये. चिकण माती पायाखाली दाबली जाते आणि वाळल्यावर दगडासारखी होते.

खारेपाटाची गोष्ट आणखी वेगळी. उन्हाळ्यात उघड्या, दाबलेल्या मातीतून खालचा खार वर येतो आणि पांढरा थर धरतो. म्हणून कापणीनंतर उथळ नांगरट करा किंवा पेंढा पसरा, असे आम्ही सांगतो. तिथे चार महिने खेळ चालला तर पुढच्या भाताला त्रास होतो. खेळायला वरकस माळ बरा.

बांध मात्र कुणी फोडू नये. एकदा बांध गेला की हद्दीचा तंटा पिढ्यान्पिढ्या चालतो. रेघा मारायला भाताचा तूस किंवा राख पुरते. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, स्पर्धा संपली की बाटल्या आणि काचा वेचून न्याव्यात. आषाढात लावणीला त्याच चिखलात आपल्याच आया-बहिणी अनवाणी उतरतात.

गावाने काय करावे?

खाचरातला खेळ ही तात्पुरती सोय झाली. गावाच्या नावावर मैदान हवे. पूर्ण मापाचे फुटबॉल मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. म्हणजे साधारण 71 गुंठे, पावणेदोन एकर. एवढे नसेल तर निम्म्या जागेत सात-सात जणांचा खेळ छान होतो. कबड्डी आणि क्रिकेटही त्यातच बसते.

सरपंच, तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एकत्र बसून गावठाण, गावची मोकळी जागा आणि आराखड्यात खेळासाठी दाखवलेले भूखंड यांची यादी करावी. जागा ठरली की ग्रामसभेत ठराव घ्यावा, मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत आणि दप्तरी नोंद झाल्याची खात्री करावी. तोंडी मैदानावर उद्या कुणाचा भराव पडेल सांगता येत नाही. गुरचरणाला मात्र हात लावण्याआधी नियम पाहावेत. सार्वजनिक जमिनींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली कडक निकाल दिलेला आहे.

त्या काकांकडे मी नंतर पुन्हा गेलो. पोरांनी वालाच्या खाचराभोवती काट्यांचे कुंपण घालून दिले होते आणि बांबू पलीकडच्या माळावर नेले होते. काका हसून म्हणाले, "आता बघायला मी पण जातो. पण साहेब, त्या माळाची पण मोजणी सुरू आहे म्हणतात."

तेवढी मोजणी गावाच्या मैदानासाठी व्हावी. त्यासाठी पुढच्या ग्रामसभेला पोरांनी चेंडू घरी ठेवून हजर राहावे.