पेशीविरहित चेताकलम

पेशीविरहित चेताकलम म्हणजे मृत दात्याच्या चेतेतील (मज्जातंतूतील) सर्व पेशी काढून टाकल्यावर उरणारा प्रथिनांचा सांगाडा होय. अपघातात तुटलेल्या परिघीय चेतेच्या दोन टोकांमधील अंतर सांधण्यासाठी त्याचा उपयोग करतात.

गरज

चेता तुटल्यावर तुटलेल्या जागेपलीकडचे अक्षतंतू नष्ट होतात. ही प्रक्रिया ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये वर्णन केली. मेंदू व मेरुरज्जूकडील टोकातून नवे अक्षतंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढतात. त्यामुळे कोपरापासून ३०० मिलिमीटर अंतरावरील हाताच्या स्नायूंपर्यंत पोहोचण्यास त्यांना सुमारे १० महिने लागतात. दरम्यान स्नायू क्षीण होतात आणि साधारण एक ते दीड वर्षानंतर त्यांची शक्ती परत येणे कठीण असते. रूढ पद्धतीत रुग्णाच्याच पोटरीतील संवेदी चेता काढून जोडतात. मात्र त्यामुळे पावलाच्या बाहेरील कडेला बधिरपणा येतो.

तत्त्व व निर्मिती

अक्षतंतूंभोवती श्वान पेशी आणि त्यांच्याबाहेर लॅमिनिन, कोलॅजन इत्यादी प्रथिनांच्या सूक्ष्म नलिका असतात. शरीराची प्रतिकारशक्ती मुख्यतः परक्या पेशींना विरोध करते. नलिकांची प्रथिने माणसामाणसांत जवळजवळ सारखीच असतात. म्हणून पेशी काढून नलिका राखल्यास प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागत नाहीत.

पेशी काढण्यासाठी अपमार्जक द्रावणे वापरतात. ती तीव्र असल्यास नलिका तुटतात, सौम्य असल्यास पेशींचे अवशेष राहतात. क्रिस्टीन श्मिट व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सास विद्यापीठात यासाठी सुधारित पद्धत मांडली. अक्षतंतूंची वाढ रोखणारे काही घटक विकराने काढले जातात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुकीकरण होते. अमेरिकेत असे कलम २००७ पासून उपलब्ध आहे.

मर्यादा

नलिका रिकाम्या असल्याने रुग्णाच्या श्वान पेशींना दोन्ही टोकांकडून आत शिरावे लागते. अंतर मोठे असल्यास त्या मध्यापर्यंत पुरेशा संख्येने पोहोचत नाहीत. त्यामुळे लांब अंतरासाठी रुग्णाची स्वतःची चेताच श्रेयस्कर मानली जाते.

भारतातील संदर्भ

कुष्ठरोगाचे जंतू श्वान पेशींत शिरून चेता निकामी करतात. संवेदना गेल्यामुळे भाजलेले वा टोचलेले कळत नाही आणि जखमा चिघळतात. अशा भारतीय रुग्णांमध्ये त्यांच्याच स्नायूचा तुकडा गोठवून व वितळवून, म्हणजे त्यातील पेशी मारून, चेतेच्या जागी जोडण्याचा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत १९९१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथेही आधार उरलेल्या नलिकांचाच होता.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी असून तेथे दान मिळालेले अस्थी व गर्भवेष्टन यांवर प्रक्रिया करून ते गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जातात. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ मध्ये २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला.