धुराच्या डब्याचे वय

संपादकांनी विषय दिला होता ‘ऑस्ट्रेलियातले लष्करी वस्तूंचे संग्राहक’. पदके, शिरस्त्राणे, संगिनी सगळे ओलांडून मी अडकलो ते धुराच्या ग्रेनेडपाशी.

अमेरिकी एम-18. शीतपेयाच्या कॅनएवढा पत्र्याचा डबा, वजन सुमारे 540 ग्रॅम. जन्म दुसऱ्या महायुद्धातला, पण ऑस्ट्रेलियन आठवणीत तो रुजला व्हिएतनाममुळे. तिथल्या फुओक तुई प्रांताच्या जंगलात हेलिकॉप्टरला आपली जागा दाखवायची ती या धुराने. खालचा सैनिक रंग सांगत नसे. वैमानिकाने ‘जांभळा दिसतोय’ म्हणायचे, मग खालून होकार. आधीच रंग सांगितला तर रेडिओ ऐकणारा शत्रूही तोच धूर सोडायचा!

खरी करामत आत आहे. रंग जाळायचा नसतो, त्याची वाफ करायची असते. पोटॅशियम क्लोरेटच्या साहाय्याने इंधन जळते, पण आच भडकू नये म्हणून मिश्रणात चक्क खाण्याचा सोडा. वाफ भोकांतून निघते, हवेत थंडावून तिचे बारीक कण होतात आणि 50 ते 90 सेकंद ढग फुलत राहतो. आच जरा चढली की रंगाची राख. इतका नाजूक हिशेब शत्रूवर फेकायच्या नव्हे, आपली खूण सांगायच्या वस्तूत केलेला, याचे मला फार कौतुक वाटले.

वय ओळखायचे तर आधी रंगकाम पाहावे. महायुद्धकाळात करडे अंग आणि पिवळा पट्टा. पुढे एम-18 ला ऑलिव्ह अंग, माथ्याला धुराचा रंग. मग लॉट क्रमांक, म्हणजे उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक. ‘पीबी’ म्हणजे आर्कान्सातले पाइन ब्लफ शस्त्रागार. नंतरच्या पद्धतीत वर्षाचे दोन अंक आणि महिन्याचे अक्षर येते. ए जानेवारी, एम डिसेंबर, मधला आय गाळलेला. तेव्हा ‘78के’ म्हणजे ऑक्टोबर 1978. असा डबा कोणी ‘नुई दातहून आणलेला’, म्हणजे व्हिएतनाममधल्या ऑस्ट्रेलियन तळावरचा, म्हणून विकत असेल तर सरळ उठून यावे. ऑस्ट्रेलियाचे तिथले युद्ध 1973 च्या जानेवारीतच संपले होते.

पण डबा आणि फ्यूज वेगळे बनतात. दांडीवर फ्यूजचे स्वतःचे ठसे असतात. दोघांत थोडे अंतर चालते. दहा वर्षांचे असेल तर कोणीतरी जोडाजोड केलेली. गंजावर चढलेली ताजी अक्षरेही तेच सांगतात. आणि मोठी पंचाईत पुढेच. खरा वापरलेला डबा धगीने भाजलेला, त्याचा रंग फुगून अक्षरे गेलेली. ज्याची तारीख स्वच्छ वाचता येते तो बहुधा नव्याने रंगवलेला, सरावासाठी बनवलेला, नाहीतर अजून भरलेला. पिन नसली म्हणजे रिकामा, असा समज घातक आहे. पांढऱ्या धुराच्या एएन-एम8 या ग्रेनेडमधून झिंक क्लोराइड निघते. बंद गॅरेजमध्ये ते फुप्फुसे निकामी करू शकते.

कायद्याचेही बघावे लागते. नियम राज्यागणिक बदलतात, काही ठिकाणी रिकाम्या ग्रेनेडलाही परवाना लागतो, आणि परदेशातून मागवायचा तर सीमाशुल्काचे वेगळे नियम. सिडनी-मेलबर्नच्या मराठी मंडळींना जुन्या घराच्या शेडमध्ये असा डबा सापडला, तर लॉट क्रमांक वाचायला वाकू नका. हात न लावता मागे सरा, जागा लक्षात ठेवा आणि 000 ला फोन करा.