लाकडी खोक्यातला कॉम्प्युटर आणि झाडावरची छत्री

नेपाळमधल्या म्याग्दी जिल्ह्यातलं नांगी हे डोंगरातलं एक गाव. तिथे इंटरनेट कसं आलं, हे कुणीही एका वाक्यात सांगेल: महावीर पुन नावाच्या शिक्षकाने दुर्गम गावं वायरलेसने जोडली आणि 2007 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण खरी गंमत त्या वाक्याच्या मागे दडलेल्या भानगडींत आहे.

पहिली भानगड कॉम्प्युटरचीच. पुन लहान असताना गावातल्या शाळेत मास्तर म्हणजे गुरखा पलटणीतून निवृत्त झालेले जवान आणि पाटी म्हणजे कोळशाने काळी केलेली फळी. सातवीपर्यंत त्यांच्या हाती कागद-पेन्सिल आली नव्हती. हा मुलगा पुढे अमेरिकेत, नेब्रास्कात जाऊन पदवीधर झाला, 1992 साली गावी परतला आणि हायस्कूल उभारायच्या मागे लागला. ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी मुलांनी चार वापरलेले कॉम्प्युटर पाठवले. पण गावात वीज कुठे होती? मग ओढ्याच्या पाण्यावर छोटं जनित्र बसवलं. चार कॉम्प्युटर पुरेनात, नवे परवडेनात. तेव्हा सुटे भाग गोळा केले, लाकडी खोकी ठोकली आणि त्यात ते बसवले. दिसायला ओबडधोबड, पण पोरं त्यांवर शिकली.

कॉम्प्युटर झाले, आता इंटरनेट हवं. टेलिफोनची लाइन गावात यायला तयार नव्हती आणि उपग्रहावरून जोडणी घ्यायची तर शाळा विकावी लागली असती. स्वतःची ईमेल बघायला पुन पोखरा शहरात जात: आधी दिवसभराची पायपीट, मग बस. 2001 साली त्यांनी थेट बीबीसीला लिहिलं, स्वस्तात इंटरनेट आणायची काही युक्ती आहे का? बीबीसीने ही हकिगत छापली आणि जगभरातून सल्ले येऊ लागले. काहींनी तर सल्ल्यावर न भागवता पाठपिशव्या भरल्या. 2002 मध्ये बेल्जियम आणि फिनलंडचे स्वयंसेवक नांगीत हजर झाले.

त्यांनी जे करायचं ठरवलं ते ऐकून कुठल्याही कंपनीचा इंजिनिअर हसला असता. घरात, फार तर अंगणापर्यंत चालणारं वाय-फाय त्यांना डोंगर ओलांडून न्यायचं होतं. त्यासाठी टीव्हीच्या डिशच्या छत्र्या घेतल्या. अट एकच, एका छत्रीला समोरची छत्री दिसली पाहिजे. मध्ये टेकाड आलं की सिग्नल मेला. उंच मनोरे उभारायला पैसा नव्हता, पण झाडं होती. मग छत्र्या झाडावर चढल्या. वारा सुटला, झाड डोललं, की नेम चुकलाच. पुन्हा कुणीतरी वर चढायचं आणि छत्रीचं तोंड सरळ करायचं. नांगी आणि पोखरा यांच्यामधला टप्पा मोहरे डांडा या 3,300 मीटर उंचीच्या धारेवर होता. तिथे ना रस्ता, ना तार. सगळं सामान माणसांच्या पाठीवरून वर गेलं.

आणि हे सगळं चाललं होतं युद्धाच्या धामधुमीत. 1996 ते 2006 या काळात नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांचं युद्ध पेटलेलं. अशा दिवसांत जंगलातल्या झाडावर अँटेना लावणारा माणूस दोन्ही बाजूंना संशयित वाटणारच. वायरलेसची उपकरणं परवानगीशिवाय आणायला बंदी होती, म्हणून ती परदेशी पाहुण्यांच्या सामानातून गुपचूप येत. म्हणजे कायद्याच्या भाषेत हा समाजसेवेचा नव्हे, चोरट्या मालाचा मामला होता. राजाची सत्ता कोसळल्यानंतर 2006 मध्ये सरकारने वाय-फायच्या रेडिओलहरी परवान्याच्या कचाट्यातून मोकळ्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी मॅगसेसे जाहीर झाला. काल जे करताना पकडले गेले असते, त्याबद्दल आज हारतुरे!

पण गावकऱ्यांनी या जाळ्याचं केलं काय? बाहेरच्यांना वाटतं, डोंगरातली माणसं आता जग बघू लागली असतील. त्यांना आधी शेजारचं गाव गाठायचं होतं. समोरच्या डोंगरावर दिसणाऱ्या गावाला निरोप द्यायचा म्हणजे दरी उतरून पुन्हा चढायचं, त्यात दिवस मोडायचा. आता गावागावांत बोलणं होऊ लागलं. वर कुरणांत याक राखणाऱ्यांना घरच्यांशी आणि व्यापाऱ्यांशी खाली न उतरता बोलता येऊ लागलं. ज्या शाळेत शिक्षक नाही, तिथल्या मुलांना दुसऱ्या गावचा शिक्षक पडद्यावरून शिकवू लागला. गावच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका रोगी समोर बसवून काठमांडूतल्या मॉडेल हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारू लागली.

हे जाळं टिकलं, कारण त्याची दुरुस्ती गावातच होत होती. वीज पडून यंत्र जळलं, बॅटरी बसली, तर पोखऱ्याहून माणूस येईपर्यंत थांबायची सोय नव्हती; गावातली पोरंच ते काम शिकली. आपल्याकडेही आता ग्रामपंचायतींपर्यंत फायबर आली आहे. तिचा वेग किती, हे सगळेच विचारतात. ती बंद पडली तर गावातलं कोण दुरुस्त करणार, हे ज्या ग्रामसभेत ठरेल, तिथे ती कामाला येईल.