जर्मनची होडी

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीहून जावयाचा फोन आला. "अब्बा, एक होडी बघितलीय. ॲल्युमिनियमची. थोडे पैसे कमी पडतायत."

माझी थोरली मुलगी डी.एड. करून तिकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. विदर्भातली कितीतरी मुलं-मुली अशी मास्तरकीच्या निमित्तानं कोकणात गेली. हिनं तिथंच, मिरकरवाड्यातल्या एका दाल्दी घरात संसार मांडला. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगणारी मुसलमान माणसं ती. होडीसाठी घरानं आधीच हातपाय मारले होते आणि कमी पडत होते ते तीन लाख. पोस्टात माझे साडेचार लाख होते, धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेले. म्हणून या विषयात डोकं घालणं मला भाग पडलं. नाहीतर मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. होडीशी माझा संबंध उपमेपुरताच.

तरी पाणी मला अगदीच परकं नाही. रामटेकचा माणूस तळ्याकाठचाच. गडाखाली अंबाळ्याचं तळं आहे, आणि त्याच्याही पुढे इंग्रजी अमदानीत सूर नदी अडवून केलेला खिंडसीचा मोठा जलाशय. शाळेत एक ढिवराचा पोरगा माझा दोस्त होता. शिंगाड्याच्या दिवसांत आम्ही त्याच्या बापाच्या डोंग्यात बसून तळ्यात जायचो. एकदा मी ऐटीत उभा राहिलो आणि दोघंही पाण्यात पडलो. त्याच्या बापानं मला कान धरून काठावर आणलं नि म्हणाला, "डोंग्यात बसाचं असते बाबू, उभं राहाचं नसते."

आणि जावई घेणार होता त्या होडीत माणूस सगळं उभ्यानंच करतो. तिला 'सेंटर कन्सोल' म्हणतात. ना छप्पर, ना खोली. मधोमध कमरेइतक्या उंचीचं एक खोकं; त्यावर सुकाणूचं चाक आणि इंजिनाची बटणं. खोक्याभोवती चारही बाजूंनी फिरायला वाट. ही रचना गळानं मासे धरणाऱ्यांसाठी फार सोयीची. गळाला मोठी सुरमई लागली की ती होडीभोवती पळते आणि गळ धरणाऱ्यालाही तिच्यामागं पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत धावावं लागतं. पण जाळ्याची मासेमारी निराळी. तिथं होडीचा मधला भागच जाळ्याला लागतो, तो ढीग ठेवायचा कुठं? मधलं खोकं पायात येतं, आणि जाळं त्याच्या कोपऱ्यांना अडकतं ते वेगळंच. तेव्हा धातूच्या आधी मी जावयाला हे विचारलं, की बेटा, गळ की जाळं? तो म्हणाला, दोन्ही. हंगामात पर्यटकांना गळानं मासे धरायला न्यायचं, उरलेले दिवस घरची जाळी. माझे व्याही बाजूलाच बसले असणार. फोनवर त्यांचा आवाज आला, "मग त्या खोक्याला सरकव म्हणावं मागे!" सगळी होडी न बघता त्यांनी अर्धा प्रश्न सोडवला होता.

उरलेला अर्धा प्रश्न ॲल्युमिनियमचा. आमच्याकडे जुनी माणसं या धातूला 'जर्मन' म्हणतात. जर्मनचा गंज, जर्मनची परात. व्याह्यांचं म्हणणं, "जर्मनचा टोप कोणी समुद्रात घालतं का?" आमच्या घरातही लोणचं, चिंचेचं सार जर्मनच्या भांड्यात ठेवायची बंदी होती; मीठ आणि आंबट त्याला खातं, भांड्याला बारीक बारीक खड्डे पडतात. मग जगभर हजारो लोक याच धातूच्या होड्या समुद्रात नेतात ते कसं?

धातू एकच नाही, हे त्याचं उत्तर. शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. त्यात दुसरे धातू मिसळून जाती तयार करतात. समुद्रासाठी मॅग्नेशियम मिसळलेली जात लागते. ५०८३, ५०८६, ५०५२ असे तिचे क्रमांक. हवा लागली की या धातूवर आपोआप एक पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. ओरखडा गेला तरी पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणून चांगल्या पत्र्याला रंगाचीही गरज नसते. शिवाय वजन पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. १९४४ साली अमेरिकेत ग्रमन या विमान कंपनीचा एक अधिकारी लाकूड-कॅनव्हासची जड होडी जंगलातून खांद्यावर वाहून थकला आणि त्याला वाटलं, विमानाच्या पत्र्याची होडी का करू नये? पुढच्याच वर्षापासून त्या कंपनीनं अशा होड्या काढल्या. पण त्या नदी-तळ्यांवर फिरायच्या होड्या होत्या, हे विसरायचं नाही.

खाऱ्या पाण्यातलं खरं संकट मीठ एकटं नाही, सोबत आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की तिथं एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. तांबं, पितळ, कांसं यांच्या शेजारी ॲल्युमिनियम दुबळं ठरतं. १८९५ साली अमेरिकेत 'डिफेंडर' नावाची शर्यतीची नौका बांधली. पाण्याखाली कांशाचा पत्रा, वर ॲल्युमिनियम, आत पोलादाच्या फासळ्या. हलकी म्हणून तिनं त्या वर्षीची अमेरिका कपाची शर्यत जिंकली. १९०१ मध्ये मोडीत काढावी लागली, इतकी ती झिजली होती. बांधणारा साधा माणूस नव्हता, हेरेशॉफ. त्या काळचा नावाजलेला कारागीर.

दिवाळीच्या सुटीत मी रत्नागिरीला गेलो आणि ती होडी पाहिली. चकचकीत, सुंदर. विकणाऱ्यानं सांगितलं, पाच वर्षं वापरलीय, काही तक्रार नाही. कुठं वापरली? एका धरणावर. ऐकलं आणि मला आमचं खिंडसी आठवलं. गोड्या पाण्यात पाच वर्षं निर्धास्त राहिलेली होडी समुद्राच्या परीक्षेला बसलेलीच नव्हती.

व्याह्यांनी आधी तळ पाहिला. जवळजवळ सपाट. तळ्यात सपाट तळ उत्तम. थोड्या पाण्यात चालतो, हलत नाही. पण लाट आली की तो लाटेवर थापटी मारतो. ॲल्युमिनियमची होडी हलकी, म्हणून ती आणखी उडते आणि आणखी आपटते. उभ्या माणसाच्या गुडघ्यांना आणि कमरेला ते कळतं. समुद्रासाठी तळाला मधे धार हवी, लाट कापत जाणारी. मग पत्रा. तो रिव्हेटांनी जोडलेला होता. तळ्यावर रिव्हेट बरी चालतात, स्वस्तही पडतात. लाटांच्या रोजच्या आपटण्यानं ती हळूहळू सैल होतात आणि एकेका भोकातून पाणी झिरपू लागतं. समुद्राला वेल्डिंगची होडी बरी, आणि पत्राही चांगला जाड, चार-पाच मिलीमीटरचा. हा त्याहून बराच पातळ होता, अंगठ्यानं दाबला तर लवत होता.

नंतर जावयानं फळ्या उचलून आत बॅटरी लावली. सगळ्या खरेदीत हे काम सर्वांत महत्त्वाचं, आणि विकणाऱ्याला तेच नको असतं. आत पाणी काढायच्या पंपाचा पितळी नळ सरळ पत्र्यावर आवळलेला, मधे रबर नाही, प्लास्टिक नाही. त्याच्याभोवती पांढरी भुकटी धरलेली. तीच झिजेची खूण. गोड्या पाण्यातसुद्धा इतकी, मग खाऱ्यात काय झालं असतं? कोपऱ्यात जाळ्याची दोन शिशाची वजनं पडली होती, त्यांच्याखालीही तसाच डाग. आणि बॅटरीची ऋण तार होडीच्या अंगालाच जोडलेली. मोटारगाडीत ते चालतं, या होडीत नाही. ॲल्युमिनियमच्या होडीत दोन्ही तारा वेगळ्या न्याव्या लागतात, नाहीतर चुकार वीज पत्रा खाते. फळ्यांखालचा फोम दाबला तर पाणी निथळलं. ओला फोम कायम पत्र्याला चिकटून राहिला की तिथं हवा पोचत नाही, पापुद्रा धरत नाही आणि खड्डे पडतात.

तळाला झिजायसाठी मुद्दाम लावतात त्या धातूच्या वड्या होत्या, पण बहुधा मॅग्नेशियमच्या. त्या गोड्या पाण्यासाठी. समुद्रात जस्ताच्या किंवा खास ॲल्युमिनियमच्या लावतात. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम इतकं जोर करतं की उलट होडीलाच अपाय होतो. तळाला कालवं-शेवाळ धरू नये म्हणून जो रंग लावतात, त्यातही तांबं नको. बंदरातल्या दुकानात सहज मिळतो तो नेमका तांब्याचा असू शकतो, म्हणून डबा वाचूनच घ्यावा. रोज परतल्यावर इंजिनासकट गोड्या पाण्यानं धुणं हे आणखी एक काम.

विकणारा म्हणाला, चालवून बघा की. सकाळी सात वाजता चला. व्याही हसले. सकाळी सातला समुद्र तळ्यासारखाच असतो. ते म्हणाले, दुपारी तीनला, वारा पडायच्या आत. आम्ही चौघं गेलो. खाडीच्या तोंडाशी त्यांनी इंजिन मंद करायला लावलं आणि आम्हा तिघांना एकाच बाजूला उभं केलं. गळाला मोठा मासा लागला की पर्यटक असेच एका बाजूला धावणार. होडी कलली, कडेचं पाणी निघायचं भोक समुद्राखाली गेलं आणि तिथून पाणी आत यायला लागलं. मी मनात कलमा म्हणत होतो. ढिवरबाबांनी धरलेला कान पुन्हा लाल झाल्यासारखा वाटला.

दुरुस्तीचाही विचार करायचाच होता. मिरकरवाड्यात लाकडाचा सुतार आहे, फायबरला ठिगळ लावणारी पोरं आहेत. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग येणारा, समुद्री पत्र्याची तार ठेवणारा माणूस जवळ हवा. तो नसेल तर एका तडीसाठी होडी ऐन हंगामात काठावर पडते. धातूच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की खडकावर आदळली तर फायबर तडकतं, ॲल्युमिनियमला बहुतेकदा पोचा येतो. चांगल्या जातीची, वेल्डिंगची, धारेच्या तळाची नवी होडी असती तर मी पैसे काढले असते. तिची किंमत विचारली आणि गप्प बसलो. शिवाय मत्स्यव्यवसाय खात्यात नोंदणी आणि परवाना होईल का, विमा उतरेल का, हे विसार देण्याआधी विचारून घ्यावं लागतं. जावई ते नंतर विचारणार होता.

अखेर त्यानं फायबरचा सांगाडा घेतला, खोकं हातभर मागं सरकवून. पुढं जाळ्याला जागा, बाजूंनी पर्यटकांना वाट. ती चकचकीत होडी कुणीतरी तलावावर सहलीसाठी नेली असं कळलं. ते बरं झालं, ती तिथलीच होती. मी तीनऐवजी दीड लाख दिले. धाकटीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय आणि जावई म्हणतो, अब्बा, हा हंगाम जाऊ द्या.