पेलेचे १२८१ गोल: मोजले कसे आणि कोणी?

२९ डिसेंबर २०२२ला पेले गेला, तेव्हा आलेल्या बातम्यांत त्याच्या गोलांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कुठे १२८१, कुठे १२७९, कुठे ७५७. पाचेकशे गोलांची तफावत ही काही छपाईची चूक नव्हे. कोण काय मोजतो, त्याची ती गोष्ट आहे.

गैरसमज: १२८१ हा अधिकृत आकडा आहे

नाही. तो सगळा मिळून आकडा आहे, १३६३ सामन्यांतला. त्यात सांतोस क्लबसाठी १०९१, ब्राझीलसाठी ९५ आणि न्यूयॉर्क कॉसमॉससाठी ६४ गोल आहेत. उरले ३१. त्यांत लष्करी सेवेत असताना लष्कराच्या संघाकडून केलेले आणि साओ पावलो राज्याच्या निवडक संघासाठी केलेले गोलही धरले आहेत. केवळ स्पर्धात्मक सामने घेतले, तर नेहमी दिला जाणारा आकडा ८१२ सामन्यांत ७५७ असा आहे. पोर्तुगालच्या रोनाल्डोने २०२१ साली पेलेला मागे टाकल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्याने पेलेच्या खात्यात ७६७ धरले होते: राज्य संघाचे नऊ आणि लष्करी संघाचा एक गोल त्याने वर मिळवला होता.

सचिनची शंभर शतकं म्हटलं की कसोटीतली ५१ आणि एकदिवसीय सामन्यांतली ४९. रणजीतली त्यात नाहीत, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये त्या काळी अशी रेघ कोणी ओढलीच नव्हती.

गैरसमज: मग उरलेले गोल फुकटचेच

हेही टोकाचं झालं. सांतोससाठीच्या १०९१ गोलांपैकी ४४८ मैत्रीपूर्ण सामन्यांतले आहेत. म्हणूनच २०२० साली मेस्सीने एकाच क्लबसाठी ६४४वा गोल केला, तेव्हा पेलेचा ६४३चा विक्रम मोडल्याच्या बातम्या आल्या आणि सांतोसने त्यावर हरकत घेतली. हे सामने म्हणजे निव्वळ सराव नव्हता. पेले खेळणार म्हटलं की तिकिटं खपायची, आणि क्लबचा गाडा अशा सामन्यांच्या दौऱ्यांतल्या बिदागीवर चालायचा. दौऱ्यांसाठी सांतोसने कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेवरही पाणी सोडलं. दौऱ्यांवर समोर कधी इंटर मिलान किंवा रेआल माद्रिदसारखा संघ असे, तर कधी कुठला तरी किरकोळ स्थानिक संघ. म्हणून सगळे गोल एका मापाने तोलू नयेत, आणि सरसकट मोडीतही काढू नयेत. आणि स्पर्धात्मक सामनाच हवा असेल, तर १९६२ साली लिस्बनमध्ये बेन्फिकाला ५-२ हरवताना पेलेने हॅट्ट्रिक केली. त्याचा दर्जा पाहायचा असेल, तर मला तो एक सामना पुरेसा वाटतो.

गैरसमज: हजारावा गोल माराकानावर झाला, यात वाद नाही

वाद आहे, आणि तो गमतीचा आहे. १९६९च्या नोव्हेंबरमध्ये सगळा देश पेलेचे गोल मोजत बसला होता. १४ तारखेला जुआंव पेसोआत बोताफोगो पाराइबाविरुद्ध त्याने पेनल्टीवर ९९९वा गोल केला. पुढे सांतोसचा गोलकीपर जायबंदी झाल्याचं निमित्त होऊन पेले स्वतःच गोलपोस्टमध्ये उभा राहिला. दोन दिवसांनी साल्वादोरमध्ये बाहियाच्या एका बचावपटूने त्याचा चेंडू गोलरेषेवरून परतवला, तर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली! शेवटी १९ तारखेच्या रात्री रिओत, माराकानावर, वास्को द गामाविरुद्ध पेनल्टी मिळाली. गोलकीपर आंद्रादाने अंदाज बरोबर बांधला, चेंडूला हातही लावला, पण तो थांबला नाही. आंद्रादा जमिनीवर मुठी आपटत राहिला आणि मैदानात पत्रकारांचा लोंढा घुसला. त्याच दिवशी अपोलो १२ चंद्रावर उतरलं होतं.

पुढे एका ब्राझिली वृत्तपत्राने जुन्या नोंदी चाळल्या, तेव्हा लष्करी संघासाठीचा एक गोल मोजायचा राहिल्याचं दिसलं. तो धरला, तर हजारावा गोल जुआंव पेसोआतच होऊन गेला होता.

गैरसमज: विश्वचषकात सर्वाधिक गोल पेलेचेच

चार विश्वचषकांत मिळून त्याचे १२ गोल आहेत: १९५८ साली सहा, १९६२ व १९६६ साली एकेक, १९७० साली चार. कुठल्याही विश्वचषकात तो सर्वाधिक गोल करणारा ठरला नाही. १९५८ साली तर फ्रान्सच्या फोन्तेनने १३ केले होते. ब्राझिली रोनाल्डोचे १५ आहेत. पेलेचा विक्रम तीन विजेतेपदांचा आहे. त्यातही १९६२ साली दुसऱ्याच सामन्यात दुखापत झाल्याने तो बाहेर बसला, आणि त्या विजयाचं पदक फिफाने त्याला २००७ साली दिलं.

गैरसमज: नेमारने विक्रम मोडला, विषय संपला

८ सप्टेंबर २०२३ला बोलिव्हियाविरुद्ध नेमार ब्राझीलसाठीच्या ७९ गोलांवर पोहोचला. फिफाच्या हिशेबात पेलेचे ७७ आहेत, म्हणून विक्रम मोडला. ब्राझीलचा फुटबॉल महासंघ क्लब आणि निवडक संघांविरुद्धचे सामनेही धरून ९५ मानतो. पेलेचे ७७ गोल ९२ सामन्यांत झाले. नेमारला ७९साठी १२५ लागले.

या मोजणीला भारतीय धागाही आहे. २४ सप्टेंबर १९७७ला कॉसमॉस कोलकात्यात मोहन बागानशी खेळला. ईडन गार्डन्स तुडुंब भरलेलं, मैदान पावसाने ओलं. सामना २-२ बरोबरीत सुटला आणि पेलेला गोल मिळाला नाही. त्यानंतर आठवड्याभराने, १ ऑक्टोबरला, न्यू जर्सीत त्याचा निरोपाचा सामना झाला. पूर्वार्धात तो कॉसमॉसकडून खेळला, उत्तरार्धात सांतोसकडून. पूर्वार्धात फ्री किकवर त्याने आपल्याच जुन्या क्लबविरुद्ध १२८१वा गोल केला. तो सामनाही मैत्रीपूर्णच होता.