कापशीचें छायाचित्र काय सांगतें?

पांढुरका अंगाचा, काळ्या खांद्यांचा व तांबड्या डोळ्यांचा कापशी पक्षी शेतावर पंख हालवीत अधांतरीं स्थिर राहतो, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल. सकाळीं सूर्य पाठीशीं घेऊन, आडोशास बसून, ४०० मिलिमीटरच्या टेलिफोटो भिंगानें त्यास न बुजवितां टिपावें. त्याच्या नखांतील भक्ष्य चित्रांत स्पष्ट दिसतें. तें बहुधा उंदीरच असतें. घरट्याजवळ मात्र जाऊं नये. बुजलेली मादी अंडीं सोडून जाण्याचें भय असतें. ब्रोमॅडिओलोनसारखें विष खाल्लेला उंदीर पोटांत गेल्यास हा पक्षीही दगावूं शकतो. म्हणून आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितों कीं, विष पसरण्यापूर्वीं या बिनपगारी राखणदाराचा विचार अवश्य करावा.